अंधाराच्या आत अलीकडे

मुगलसरायच्या प्लॅटफॉर्मवर माझे वडील, अण्णा, माझ्या ट्रंकेवर बसले होते आणि सारखे उन्हाकडे बघत होते. मी चित्रकला शिकायला बडोद्याला निघाले होते. दुर्गाघाटच्या दारात हातावर दही ठेवताना आईने तोंड दुसरीकडे फिरवलं होतं, दादा ट्रंक डोक्यावर घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत आला होता, आणि मला पोचवायला आलेल्या या माणसाचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. गाडीला उशीर होता. ऊन उतरत होतं. अण्णा धोतराचा सोगा हातात धरून असे बसले होते, जणू गाडी मला नव्हे, त्यांनाच पकडायची आहे.

"अंधाराच्या आत मला अलीकडे पोचायला हवं," ते म्हणाले. "तुझ्या गाडीची वाट बघता बघता इथेच राम म्हटला तर गाढवाचा जन्म. तू तिकडे चित्रं काढशील आणि मी इथे लोकांचं सामान वाहीन."

मी हसले आणि मग रडले. गाडी आली, त्यांनी ट्रंक बाकाखाली सरकवली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गाडी हलायची वाटही न बघता ते भराभर जिना चढून गेले. खिडकीतून त्यांची पाठ दिसली. ती पाठ मी पुढे बरीच वर्षं मनात धरून ठेवली, आणि तीही रागानेच.

तुम्ही वाचणारे काशीच्या दुर्गाघाटचे, तुम्हाला हे सांगायला नको. पण आपल्यातले कितीतरी जण आता पुण्याला, बंगळुरूला, न्यू जर्सीला आहेत आणि त्यांच्या मुलांनी गंगा फक्त फोनवर पाहिली आहे, म्हणून त्यांच्यासाठी सांगते. काशी गंगेच्या पश्चिम तीरावर आहे. या तीरावर मरण आलं तर मोक्ष, हे सगळ्या जगाला माहीत असतं. समोरच्या तीराचं मात्र बाहेर कुणाला ठाऊक नसतं. तिथे मेलेला पुढच्या जन्मी गाढव होतो. म्हणून समोर नुसती रेती आहे. इकडे घाटांवर मुंगीला जागा नाही आणि तिकडे मैलोन् मैल मोकळं. मुगलसरायचं स्टेशन त्याच बाजूला आहे, रामनगरला लोक राहतात, बाजार आहे, आपलेही लोक खरेदीला जातात, नात्यागोत्यात जेवून येतात. पण अण्णांसारखी जुनी माणसं काम झालं की परत फिरत. तिथे रात्र काढत नसत. हे आपल्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं, तसं मलाही होतं. पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेवा, म्हणजे मी काय करून बसले ते कळेल.

आमच्या घराची मागची खिडकी नदीवर उघडायची. त्या खिडकीत मी चित्रकार झाले, असं मी मुलाखतींमधून सांगत आले आहे, आणि एवढं तरी खरं आहे. खिडकीतून तीनच गोष्टी दिसायच्या: खाली पाणी, वर आकाश आणि मधे समोरच्या तीराची रेघ. भाद्रपदात पाणी मातकट होऊन रेघ वर सरकायची, कार्तिकात पाणी हिरवट व्हायचं आणि रेघेखालून रेती उघडी पडायची, जेठात सगळंच पांढरं पडून रेघ आहे की नाही असं व्हायचं. माझ्यासाठी भिंतीवरच्या कॅलेंडरला काही अर्थ नव्हता. महिना कोणता ते मी रेघेवरून ओळखायचे.

आणि वेळ ओळखायला अण्णांनी शिकवलं. सकाळच्या संध्येचा जुना नियम आहे. आकाशात चांदण्या असताना केलेली संध्या उत्तम, चांदण्या विझल्यावर केलेली मध्यम, आणि सूर्य वर आल्यावर केलेली अधम. अण्णा उत्तम वेळेला घाटावर असायचे. मी डोळे चोळत खिडकीशी यायचे तेव्हा सूर्य रेतीच्या वर हातभर आलेला असायचा. खालून पायऱ्या चढून येताना ते ओले पाय आपटत ओरडायचे, "उठली का आमची अधम?" घरात माझं नाव कुंदा होतं, पण सकाळी मी अधमच असायचे. पुढे एका परीक्षेच्या निमित्ताने मी काही दिवस लवकर उठले, आणि एकाच रेघेवर एकाच सकाळी तीन वेगवेगळे रंग येऊन जातात हे पाहिलं. आधी काळ्यातला जांभळा, मग कसलाच नसलेला करडा, मग पिवळा. परीक्षेत काय लिहिलं ते आठवत नाही. ते तीन रंग मात्र मी अजून रंगवते आहे.

बडोद्यात मी पहिलं काम केलं ते वडील काय करतात हे लपवायचं. भिक्षुकी करतात म्हणायची लाज वाटली, म्हणून "संस्कृत शिकवतात" म्हणाले. दुसरं काम माझी मराठी लपवायचं. होस्टेलमधल्या पुण्या-मुंबईच्या मुली माझं "मी नहाऊन येते" ऐकून हसायच्या. मी "आंघोळ" म्हणायला शिकले. मग इंग्रजी शिकले. मग शिष्यवृत्तीवर हॉलंडला गेले आणि तिथेच राहिले. संसार केला नाही, स्टुडिओ केला. समुद्राकाठचं लहान गाव, सपाट जमीन, बांधावरून जाणारी सायकलची वाट, आणि बांधावर उभं राहिलं की समोर रेघ. पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटलं होतं. फरक एवढाच, की तिथल्या रेघेला पलीकडचं तीर नव्हतं. कुणी तिकडे जाऊन मेलं तर काय होतं, याची तिथे कुणाला काळजी नव्हती.

तीस वर्षं मी त्या रेघेची चित्रं केली. पातळ रंगाचे थर द्यायचे, पुसायचे, पुन्हा द्यायचे. एक आडवी रेघ, वर एक रंग, खाली एक रंग. लोक समोर उभे राहून म्हणायचे, यात काळ थांबल्यासारखा वाटतो. क्युरेटर लिहायचे, क्षितिज म्हणजे काळाची कड. मीही तसंच बोलायला शिकले. प्रदर्शनाच्या ओपनिंगला वाइनचा ग्लास हातात घेऊन मी गंगेबद्दल, वडिलांच्या तीन संध्यांबद्दल बोलायचे आणि समोरचे माना डोलवायचे. माझं बरं चाललं होतं.

दर ओपनिंगला कुणीतरी विचारायचं, तुझे वडील आले नाहीत का? याचं उत्तर लांबलचक होतं. आई गेल्यावर अण्णांनी क्षेत्रसंन्यास घेतला होता. म्हणजे भगवे कपडे घातले नव्हते, घरही सोडलं नव्हतं. मरेपर्यंत काशीक्षेत्राची हद्द ओलांडणार नाही, एवढाच तो संकल्प. गंगेत नावेतून फिरायला मोकळीक होती, पण पैलतीराला पाय लावायचा नाही. हे वाइनचा ग्लास धरून इंग्रजीत कसं सांगायचं? पहिल्यांदा प्रयत्न केला, तर एका बाईंचे डोळे पाण्याने भरले आणि मलाच कानकोंडं झालं. पुढच्या वेळेपासून मी सोपं केलं. "ते विमानात बसत नाहीत," म्हणू लागले. लोक हसून म्हणायचे, माझी आजीही बसायची नाही. विषय संपायचा.

हे मी इतक्या वेळा म्हटलं, की माझ्या डोक्यातही तेच राहिलं. अण्णा विमानात बसत नाहीत. बाकीचं गळून गेलं.

गेल्या पावसाळ्यात अण्णा घाटाच्या पायऱ्यांवर घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण गुडघे कायमचे गेले. आमचं घर तुम्हाला माहीत आहे. उंच पायऱ्यांचा जिना, अंधारी मोरी, आणि गल्ली अशी की डॉक्टरची गाडी चौकातच थांबते. दादा शाळेत शिकवतो, वहिनी दिवसभर खालीवर करते. मी हॉलंडहून फोनवर उंटावरून शेळ्या हाकत होते. नर्स ठेवा, कमोड बसवा, रेलिंग लावा. दादा ऐकून घ्यायचा. एकदा मात्र म्हणाला, "कुंदे, तू येऊन बघ जरा, मग बोल."

मी आले. बघितलं. आणि तीस वर्षं पैसे, फोन आणि चित्रं पाठवून जे झालं नव्हतं, ते एका फटक्यात करून टाकायचं ठरवलं. घर शोधलं. पुलापलीकडच्या पडावहून रामनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, रेतीच्या मागे, नवी वस्ती झाली आहे. तिथे तळमजल्यावर एक पिवळं घर भाड्याने मिळालं. दारापर्यंत गाडी, जिना नाही, मोठी खिडकी, आणि खिडकीतून सरळ समोर आपले घाट. मागच्या खोलीत माझा स्टुडिओ होणार होता. अण्णांसाठी उंच पलंग आणला. मोरीत पकडायला दांडे बसवून घेतले. देवघराची जागा पूर्वेकडे केली. मी किती विचार केला होता बघा! हॉलंडचं घर सोडायचं, अण्णांचं शेवटपर्यंत करायचं, असं मनाशी ठरवून मी रोज संध्याकाळी त्या रिकाम्या घरात उभी राहायचे आणि मला स्वतःचाच फार अभिमान वाटायचा.

दादा-वहिनीला सांगितलं नाही. सरप्राइज द्यायचं होतं. हा शब्दही मी तिकडूनच आणला. आपल्याकडे असं काही कुणी कुणाला देत नाही, आधी चार जणांना विचारतात.

कार्तिक लागला होता. सकाळी किसन मल्लाहाची नाव सांगून ठेवली. दादा शाळेत गेला होता. किसनने आणि त्याच्या भावाने अण्णांना खुर्चीवर बसवून पायऱ्या उतरवल्या, वहिनी मागून छत्री धरून आली आणि नावेतही बसली. "नावेतून फिरवून आणते," एवढंच मी म्हणाले होते. अण्णा खूश होते. पडल्यापासून ते पाण्याजवळ आले नव्हते. ओंजळीत पाणी घेऊन त्यांनी डोळ्यांना लावलं, पंचगंगा घाटाकडे बघून हात जोडले. तिथे कार्तिकात पितरांसाठी बांबूंवर आकाशदिवे चढवतात, त्या बांबूंकडे बघून ते म्हणाले, "तुझ्या आईचा दिवा यंदा दादाने चढवला. मी खिडकीतून बघतो."

नाव मधल्या धारेपर्यंत आली आणि मी उभी राहिले. आत्ता आठवलं तरी कानशिलं तापतात. मी हात लांब करून दाखवलं. "अण्णा, ते पिवळं घर दिसतंय? ते तुमच्यासाठी घेतलंय. जिना नाही, काही नाही. मी आता परत जाणार नाहीये. तुम्ही आणि मी तिथे राहायचं. शेवटपर्यंत."

वहिनीच्या हातातली छत्री कलली. "वन्सं, अहो..." एवढंच तिच्या तोंडून आलं. किसनने वल्हं पाण्यातून वर उचललं आणि माझ्याकडे बघत विचारलं, "का दीदी, गुरूजी के ओह पार बसइबू?" गुरुजींना पलीकडे वसवणार? त्याने कुचेष्टा केली नव्हती. त्याला खरंच कळत नव्हतं. आणि मला, बघा, तेव्हाही कळलं नाही. मी म्हणाले, "हो, म्हणजे काय!"

अण्णा पिवळ्या घराकडे बघत राहिले. नाव प्रवाहाबरोबर थोडी खाली वाहत चालली होती. मग ते म्हणाले, "कुंदे, गाढव व्हायचं तर लोक झक मारत होतात. तू त्याची ग्राउंड फ्लोअरला सोय करून दिलीस."

वहिनी आधी दचकली आणि मग तोंडाला पदर लावून हसली. किसन मोकळा हसला. अण्णाही हसले. हसत नव्हते ती फक्त मी, कारण मुगलसरायचा प्लॅटफॉर्म मला तेव्हा आठवला. ट्रंक आठवली, उतरणारं ऊन आठवलं, भराभर जिना चढणारी पाठ आठवली. ज्या माणसाने लेकीची गाडी हलायची वाट बघितली नाही, त्याला मी मरायला तिकडे नेत होते. तेही उंच पलंग टाकून.

त्यांनी क्षेत्रसंन्यासाचा संकल्प केला तेव्हा दादाने मला फोनवर सगळं समजावून सांगितलं होतं. मी विसरले नव्हते, म्हणावं तर. विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण विचारणारे सगळे इंग्रजीत विचारणारे होते, आणि त्यांना दिलेलं उत्तर मी स्वतःही घेऊन बसले होते. विमान नाही ना, मग झालं! नाव तर आहे, समोरच तर आहे.

"खाली बस, नाव डुलतेय," अण्णा म्हणाले. मी बसले. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "घर हवादार दिसतं. खिडकी मोठी आहे. तुझ्या कामाला चांगलं आहे. तू परेशान होऊ नकोस." मग किसनला म्हणाले, "घुमाव रे."

मला ते ओरडले असते तर बरं झालं असतं. परतीच्या वाटेवर ते मला ओळखीचे घाट दाखवत होते, हा ब्रह्माघाट, लहानपणी तू इथे चप्पल हरवलीस. मी मान हलवत होते आणि माझी नजर नावेच्या तळाशी साचलेल्या पाण्यावर होती. तीस वर्षं मी ती रेघ रंगवली. तिच्यावर पुस्तिका निघाल्या. सगळ्या रंगांत मी ती रंगवली आणि ती रेघ आपल्या माणसांची कोण लागते, तेवढंच माझ्या ध्यानात राहिलं नाही. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

संध्याकाळी दादाला कळलं. जेवताना त्या बिचाऱ्याला हसू आवरेना. चार दिवसांत अख्ख्या ब्रह्माघाट-दुर्गाघाटला कळलं. दूधवाला मला बघून मिशीत हसू लागला. शेजारच्या काकूंनी तर अण्णांनाच विचारलं, "मग कधी निघताय पलीकडे?" अण्णा म्हणाले, "गवताची व्यवस्था झाली की!" ते चेष्टा आपल्या अंगावर घ्यायचे, म्हणजे माझ्यावर कमी यावी. मला ते दिसत होतं आणि त्याने आणखीच मान खाली जात होती.

मग एके दिवशी त्यांनीच विषय काढला. "तुझं एक चित्र दाखव की. फोनवर नको. खरं."

हीसुद्धा लाजेचीच गोष्ट. माझी चित्रं कुठे कुठे लागली आहेत, पण माझ्या वडिलांनी एकही समोरासमोर बघितलेलं नव्हतं. एक मोठा कॅनव्हास मी बरोबर आणला होता, पिवळ्या घरात पडून होता. चौकटीसकट गल्लीतून येईना, म्हणून खिळे काढून, गुंडाळून, नावेतून आणला. वहिनीने एक टोक धरलं, मी एक. अण्णा पलंगावर बसून चष्मा पुसून बघू लागले. मी त्यांना काहीच सांगितलं नाही. चित्राला नाव नव्हतं, नुसता नंबर होता.

वहिनीचा हात भरून आला. तेव्हा अण्णा म्हणाले, "ही मध्यम आहे. चांदण्या विझल्यात, सूर्य यायचाय."

मी टोक धरून तशीच उभी राहिले. इतक्या वर्षांत, इतक्या देशांत, शेजारी लावलेला कागद न वाचता कुणी वेळ सांगितली नव्हती. मला वाटलं, सुटले. एवढ्याने सगळं भरून निघालं असं क्षणभर वाटून गेलं.

"पण यात तीर कुठलं?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"तू कुठे उभी राहून बघतेयस?"

"अण्णा, हे ॲबस्ट्रॅक्ट आहे. तसं कुठलंच तीर नाही."

"असं कुठेच उभं न राहता बघता येतं?" त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "आम्हाला बाई संकल्पात आधी काळ सांगावा लागतो. संवत्सर, ऋतू, महिना, तिथी. तो तुझ्यात सगळा आलाय, चांगला आलाय. पण मग जागा सांगावी लागते. भागीरथ्याः पश्चिमे तीरे. तेवढं म्हटल्याशिवाय पाणी सोडत नाहीत. नाहीतर देवाला कसं कळणार, बोलावतंय कोण आणि कुठून?"

मी कॅनव्हास गुंडाळून ठेवला. रागही आला होता, खरं सांगायचं तर. पण पिवळ्या घरात परत जाऊन जितकी चित्रं होती तितकी बघितली, फोनमधली जुनीही बघितली, आणि त्यांचं म्हणणं कुठेच खोटं ठरेना. हॉलंडच्या बांधावर उभं राहून मी काशीची रेघ काढत होते आणि काशीला आले की हॉलंडचं बोलत होते. दोन्हीकडे मला कुणी तू कुठे आहेस असं विचारलं की मी रंगांबद्दल बोलायचे.

पुढचं मी का केलं ते मला नीट सांगता येणार नाही. अण्णा पलीकडे येऊ शकत नव्हते आणि मी पलीकडे घर घेऊन बसले होते. तेव्हा चित्र त्यांना दिसेल असं तिकडेच उभं करावं, असं मनात आलं. रामनगरच्या बाजारातून सुती कापडाचं थान आणलं, अंगणात बादल्या मांडून रंगवलं, आणि पाण्याच्या कडेला रेतीत बांबू रोवून ते लांबच्या लांब आडवं ताणलं. आमच्या मागच्या खिडकीच्या अगदी समोर. पहिल्या दिवशी माझा लाडका करडा रंग लावला, चांदण्या विझल्यानंतरचा, ज्याच्यासाठी मला लोक ओळखतात. दुपारी वहिनीला फोन केला. "काय म्हणतायत?"

"काही दिसत नाही म्हणतायत."

दुसऱ्या दिवशी तोच करडा थोडा गडद केला. तेच उत्तर. जिच्या करड्यावर लोकांनी पानं भरभरून लिहिलं, त्या बाईचा करडा रंग एक नदी ओलांडू शकत नव्हता. रेतीत मिसळून जात होता. तिसऱ्या दिवशी मी हात टेकले आणि झेंडूसारखा पिवळाजर्द रंग केला, सूर्य वर आल्यानंतरचा. अधम.

या खटपटीत मी आणखी एक करून बसले, तेही सांगते. कापड ताणून झाल्यावर मी चार पावलं मागे गेले आणि फोन काढून फोटो घेतला. बांबू, पिवळी पट्टी, मागे सगळी काशी. फोटो सुंदर आला. हॉलंडच्या क्युरेटरला पाठवलासुद्धा. लगेच त्याचं उत्तर आलं, अप्रतिम, वडिलांबद्दल चार ओळी लिहून पाठव, पुढच्या प्रदर्शनात लावू. ते वाचून मी रेतीत बसले. चित्र एकाच माणसासाठी होतं आणि त्याच्या आधी मी ते दुसऱ्याला दाखवलं होतं. त्या चार ओळी मी अजून लिहिलेल्या नाहीत.

संध्याकाळी सूर्य काशीच्या मागे जातो. घाट आधी सावलीत बुडतात, पण समोरच्या रेतीवर ऊन रेंगाळत राहतं. त्या दिवशीही सगळे घाट निळसर झाले होते आणि माझं कापड मात्र उन्हात होतं. आमची खिडकी मी शोधत होते. इतक्या लांबून ती एक काळा ठिपका असते, पण मला ती सापडते. फोन वाजला. वहिनी नव्हती, अण्णाच होते. त्यांना फोन कानाला कसा धरायचा ते जमत नाही, म्हणून ते ओरडून बोलतात.

"दिसली गं! चांगली पिवळी आहे. डावीकडे झोळ आलाय, तो काढ."

"काढते."

"आणि तू कुठे आहेस? तू दिसत नाहीस."

मी कापडाच्या कडेला जाऊन उभी राहिले. हात वर केला. "इथे आहे, अण्णा. पूर्वे तीरे."

मग ते म्हणाले, "बरं. आता गुंडाळ ते. इकडे अंधार झाला. अंधाराच्या आत अलीकडे ये."

तेव्हापासून माझं असं चाललं आहे. पिवळ्या घराचं भाडं मी भरते आणि तिथे दिवसा काम करते. दांडे बसवलेली मोरी आणि उंच पलंग तसेच आहेत, पलंगावर मी रंगांचे डबे ठेवते. रात्री तिथे कुणी नसतं. दुपार कलली की रेतीत कापड ताणायचं, अण्णांचा फोन येईपर्यंत थांबायचं, ते झोळ दाखवतात तो निमूट काढायचा, आणि ऊन जायच्या आत किसनची नाव गाठायची. लोक हसतात. पन्नाशी उलटलेली, परदेशात नाव काढलेली बाई, ओलं कापड खांद्यावर टाकून रेतीतून धावत सुटते. अजून मला त्याची लाज वाटते. नावेत चढेपर्यंत मी कुणाकडे बघत नाही.

तुमच्यापैकी कुणी पत्रात विचारतं, आता कायमची आलीस का, घर कुठे केलंस. कागदावर माझं घर हॉलंडमध्ये आहे, भाडं पलीकडे भरते आणि झोपते दुर्गाघाटला, आईच्या खोलीत. पण मला विचाराल तर जिथून मला दिवेलागणीला हाक येते, तेच माझं घर. मुगलसरायच्या प्लॅटफॉर्मवरची ती पाठ आता मला रागाने आठवत नाही. त्यांना अलीकडे पोचायचं होतं, आणि मीही मागोमाग यावं एवढंच त्यांच्या मनात असणार. यायला मला तिसाहून जास्त वर्षं लागली.

ही हाक आता फार वर्षं येणार नाही, हे मला कळतं. म्हणून मी धावत जाते.